समुद्रात न पडलेलं विमान

"थांबा, पाहून सांगते."

मी विचारलं होतं, दहीभातात मीठ घातलंस का. दुसरी कोणी असती तर हो म्हणाली असती, नाहीतर नाही. हिने बोटभर भात तळहातावर घेतला, चाखला, डोळे मिटले आणि म्हणाली, "कमी आहे. चिमूटभर." मग मीठ घालून पुन्हा कालवला आणि मला वाढला. सकाळचे दहा वाजले होते. गुरुवार.

दुपारी तीनला ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलंसुद्धा.

लोक मला सांगतात, भाग्यवान होती, कुंकवानिशी गेली. मी म्हणतो, गेली. पुढचं काही बोलू नका.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मग मीही तिचं घेतलं नाही, चाळीस वर्षं. एका बाजूचाच कायदा मला पटत नाही.

तुमच्यापैकी कोणी आमच्या इथल्या एका कॉलेजात शिकलं असेल, तर तिला पाहिलं असेल. ग्रंथालयात शिरलं की उजव्या हाताला संदर्भ विभाग. तिथे खुर्चीवर नऊवारी नाही, सहावारी सुती साडी, डोक्यात मोगरा, डोळ्यांवर जाड काच. कोणी काही विचारलं तर उत्तर तिला येत असायचं. तरी सांगायची नाही. उठायची, पुस्तक काढायची, पान उघडायची, बोट ठेवायची आणि मग बोलायची. पोरं तिला पाठीमागे 'पाहून सांगते अम्मा' म्हणत. तिला ठाऊक होतं. म्हणायची, "न पाहता सांगणाऱ्या अम्मा गावात पुष्कळ आहेत."

मी बाइंडर. शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. घरी मराठी बोलायचो, पण ती नुसती तोंडातली. तिच्या घरी आजोबांच्या पेटीत मराठी पोथ्या होत्या, आमच्या घरी सुई, दोरा आणि खळीचं भांडं. कॉलेजची फाटकी पुस्तकं बांधायला माझ्याकडे यायची. तशीच एकदा ती दोन आली.

ती काय पुस्तकं होती ते आधी सांगतो. विमानं बनवणाऱ्या कारखान्यांचा इतिहास. एका कारखान्याला एक पुस्तक. विमानदळातले एक साहेब वारले, त्यांच्या बायकोने सगळी मालिका कॉलेजला देऊन टाकली. जाड, जड, विलायती. कुठला मालक आधी सायकली दुरुस्त करायचा, कुठला नावा बांधायचा, पहिलं विमान कुठल्या कुरणात आपटलं, मग लढाई, मग मोठा कारखाना, मग दुसऱ्याने गिळला आणि नाव पुसलं. प्रत्येक विमानाचं चित्र तीन बाजूंनी, वरून, समोरून, कडेने. आणि शेवटी बारीक अक्षरात याद्या. एकेका विमानाचा कारखान्यातला क्रमांक आणि पुढे त्याचं काय झालं ते एका ओळीत. मोडीत काढलं. जळालं. संग्रहालयात आहे. बेपत्ता.

तर त्यातली दोन माझ्या दुकानात आली, शिवण तुटलेली. माझ्या हातून दोन्ही एकदम खाली पडली. पानं इकडेतिकडे. मला इंग्रजी अक्षर ठाऊक नाही. मी काय केलं? चित्रं पाहिली. एकावर एक अशा दोन पंखांची विमानं एका गठ्ठ्यात लावली, एका पंखाची दुसऱ्यात. मला वाटलं, डोकं चालवलं. शिवून, पुठ्ठा चढवून, कापड लावून, सोनेरी पट्टी देऊन पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात. दोन्ही पुस्तकं काखेत.

"हे तुम्ही बांधलंत?"

"हो. का? शिवण सुटली?"

"शिवण उत्तम आहे. तुम्ही दोन कारखान्यांचं लग्न लावलंय. आता कुठलं पोर कोणाचं, कोणी सांगायचं?"

मी म्हटलं, "कोण वाचतंय हे? इथे विमानं कोण बनवतं?"

"मी वाचते," ती म्हणाली आणि माझ्या स्टुलावर बसली. "सोडा. माझ्यासमोर."

सोडली. काय करतो! ती पानाचा मथळा वाचायची, मी लावायचो. पाच संध्याकाळी लागल्या. पाचव्या संध्याकाळी मला बारा इंग्रजी अक्षरं ओळखू येत होती आणि तिला कॉफीत साखर किती लागते ते कळलं होतं. लग्नाचं काढल्यावर तिच्या घरच्यांनी तोंडं वाकडी केली. बाइंडर? पाचवी? ती बापाला म्हणाली, "चुकलेलं पुस्तक तक्रार न करता पुन्हा बांधणारा माणूस तुम्ही दुसरा पाहिलाय का? पाहून सांगा." तक्रार मी पुष्कळ केली होती. ते तिने बापाला सांगितलं नाही.

लग्नानंतर एके दिवशी ती हसत घरी आली. कॉलेजात कुठलंसं नवीन पुस्तक आलं होतं, त्यात वाचलं. ते दोन कारखाने पुढे खरोखर एक झाले होते. "तुमचं फक्त मुहूर्ताचं चुकलं," म्हणाली. "जरा घाई केलीत."

ही अक्षरं, जी तुम्ही वाचताय, तीही तिनेच शिकवली. मी चाळिशीला आलो होतो. म्हणाली, मराठी बोलता आणि मराठी वाचत नाही, लाज नाही वाटत? मी म्हटलं, तंजावुरात कोणाला वाटते? म्हणाली, "इतरांचं मला सांगू नका." पाटीवर काढून दिली अक्षरं. पोराने मात्र तिला दाद दिली नाही. त्याला समजतं सगळं, उत्तर देतो तमिळमध्ये. तो तिरुचीला बँकेत आहे.

हट्टी होती. एकदा कॉलेजातला एक मोठा प्राध्यापक, कार घेऊन फिरणारा, म्हणाला हे पुस्तक घरी नेतो, सोमवारी आणून देतो. ती म्हणाली, "सार, संदर्भाचं पुस्तक घरी जात नाही."

"मी विभागप्रमुख आहे."

"मग तुम्हाला ते आधीच ठाऊक असायला हवं."

तो प्रिन्सिपलकडे गेला. प्रिन्सिपलने हिला बोलावलं. ही पुस्तक घेऊनच गेली. म्हणाली, तुम्ही दोघं इथेच बसून वाचा, मी बाहेर थांबते. वाचलं म्हणे दोघांनी. काय करतात!

पुस्तकाला पेन्सिल लावलेली तिला चालायची नाही. समासात कोणी खूण केली की रबर घेऊन स्वतः पुसायची आणि खूण करणाऱ्याला शोधून काढायची. कसं काढायची देव जाणे. अक्षरावरून, म्हणायची.

ती निवृत्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी कॉलेजात नवीन ग्रंथपाल आला. तरुण, टापटीप. त्याने संदर्भ विभाग काढून संगणकांच्या ओळी मांडल्या आणि जुनी पुस्तकं मागच्या पडवीत, मांडवाच्या बांबूंशेजारी टाकली. पावसाळा तोंडावर. शिपायाने हिला फोन केला. ही जेवणावरून उठली. मी म्हटलं, हात तरी धू.

ग्रंथपाल म्हणाला, "अम्मा, हे सगळं आता फोनवर मिळतं."

"छान. या विमानाचं शेवटी काय झालं ते काढून दाखवा." आणि तिने एक क्रमांक सांगितला.

त्याने बोट फिरवलं. फिरवलं. फिरवलं. चांगला होता बिचारा, लबाडी केली नाही. म्हणाला, मिळत नाही.

ती पडवीत गेली, पुस्तक शोधलं, पान उघडलं, बोट ठेवलं. मग म्हणाली, "टाकायचीच आहेत ना? मला लिहून द्या की टाकली. मी उचलते."

तीन ऑटो लागल्या. पोर फोनवर ओरडला, अप्पा, घरात माणसं राहणार की विमानं? मी म्हटलं, आईला विचार. त्याने विचारलं नाही. भितो.

आमच्या घराला रस्त्याकडे जुनी तिण्णै आहे, तुमच्याकडच्या ओटीसारखी. तिथे मी कपाट केलं. तिने तमिळमध्ये पाटी लिहिली. विमानांच्या कारखान्यांचा इतिहास इथे पाहायला मिळेल. घरी नेता येणार नाही. गल्ली हसली. समोरचा केळीवाला मला विचारायचा, "काय अण्णा, आज कुठलं विमान उतरलं?" हसू दे. महिन्यातून एखादा यायचा. विमानदळाच्या तळावरचा कोणी, एखादा निवृत्त माणूस, पापनाशमचा एक मास्तर. बहुतेक दिवस कोणी यायचं नाही. ती तरी साडी बदलून बसायची.

मग गेल्या वर्षी ओरत्तनाडूकडची ती बाई आली.

सत्तरीची असेल. पिशवीतून धान्य, कागद काही नाही, एक पत्र्याची पट्टी काढली. हाताच्या पंजाएवढी, कोपऱ्यांना भोकं, वर ठोकलेली अक्षरं आणि आकडे. बाईने बसल्या बसल्या सांगून टाकलं. तिचा बाप सात-आठ वर्षांचा असताना, मोठी लढाई चालू होती तेव्हा, कालव्यापलीकडच्या त्यांच्या शेतात पहाटे एक विमान येऊन बसलं. पोटावर. चिखलात. वरचं झाकण उघडून तीन गोरे उतरले. बापाच्या आईने त्यांना ताक दिलं. ते प्यायले आणि रस्त्याकडे चालत गेले. मग लष्कराच्या लॉऱ्या आल्या, विमान तुकडे करून नेलं आणि सांगितलं, बोलायचं नाही. बाप बोलला. पोरच ते. शेत दूर, बाकी कोणी पाहिलं नव्हतं. गावाने त्याला खोटा ठरवला. आयुष्यभर. देवळाच्या पंचांत कधी घेतलं नाही, याचं काय खरं म्हणून. पट्टी त्याने दाखवली, तर म्हणाले भंगारवाल्याकडून आणली. ती त्याने धान्याच्या कणगीच्या तोंडाला ठोकून टाकली आणि पुन्हा विषय काढला नाही. मेला चार वर्षांपूर्वी.

"अक्का," ती बाई हिला म्हणाली, "तुम्ही पाहून सांगता म्हणे. माझा बाप खोटा होता का ते सांगा."

ही म्हणाली, "थांबा."

पट्टीवरचा कारखाना तिने लगेच ओळखला. पुस्तक काढलं. आधी चित्र पाहिलं. विमानाच्या डोक्यावर झाकण होतं. मग याद्या. बोट एकेका ओळीवरून खाली गेलं आणि थांबलं. क्रमांक सापडला. मी आनंदाने ओरडणार होतो, तेवढ्यात तिचं तोंड पाहिलं.

पुढे लिहिलं होतं, बंगालच्या उपसागरात बेपत्ता.

बाईला इंग्रजी येत नव्हतं. ही खोटं सांगू शकली असती. सांगितलं नाही. वाचून दाखवलं. बाईने पट्टी पिशवीत घातली. म्हणाली, "म्हणजे तुमचं पुस्तकही गावासारखंच."

त्यानंतर तीन दिवस ही तेच पान उघडून बसली. तुम्हाला कळतंय ना? हयातभर जिने पुस्तक उघडल्याशिवाय तोंड उघडलं नाही, तिचं पुस्तकच खोटं निघालं. नाहीतर बाई खोटी. चौथ्या दिवशी म्हणाली, "उठा. बस पकडू."

ओरत्तनाडूला गेलो. तिथून पुढे पायी. गुडघे दुखत होते तिचे, मी म्हटलं ऑटो करू, म्हणाली चालत जाऊन पाहायचं. कालवा पाहिला. शेत पाहिलं. गोठ्याच्या छपरात दडवलेला एक पत्रा पाहिला, कडेने भोकांची ओळ, एका मापाची. तिने शिवणाच्या टेपने भोकांमधलं अंतर मोजलं. घरी येऊन पुस्तकातल्या मोठ्या फोटोशी ताडून पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "पुस्तक चुकलंय."

असं वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

तिने विलायतेला पत्र घातलं. उत्तर नाही. दुसरं घातलं. तिसरं पोराच्या ईमेलवरून. त्याचं उत्तर आलं, पोराने छापून आणलं. तुमच्या आस्थेबद्दल आभार. खेड्यातली आठवण आणि एक सुटा तुकडा यावरून नोंद बदलता येत नाही. शिवाय या मालिकेची पुढची आवृत्ती काढण्याचा विचार नाही.

"पुढची नाही?" ती म्हणाली. "मग हीच दुरुस्त करू."

मी म्हटलं, "तू? पोरांना पेन्सिल लावू दिली नाहीस कधी."

"पेन्सिल लावणारा आपलं नाव लिहीत नाही. मी लिहीन. आणि पुस्तकात लिहायचं नाही, पुस्तकाला पान जोडायचं. तुम्ही जोडायचं."

पोर आडवा आला. म्हणाला, अम्मा, कोण पाहणार आहे? आणि एवढं जुनं पुस्तक खराब होईल. ती म्हणाली, "खराब ते आत्ता आहे."

पान तिने चांगल्या कागदावर लिहिलं. वर इंग्रजी, मध्ये तमिळ, खाली मराठी. अमुक पानावरची नोंद चुकीची आहे. हे विमान समुद्रात पडलं नाही. ओरत्तनाडूजवळ भाताच्या शेतात उतरलं. तिघेही जिवंत चालत गेले. पट्टी पाहिली, पत्रा पाहिला, शेत पाहिलं. खाली तिची सही. आणि एक ओळ मोकळी. ज्याने पाहिलं त्याचं नाव.

मी म्हटलं, नाव ठाऊक आहे तुला, लिहून टाक.

"मी ऐकलंय. त्याच्या लेकीने स्वतःच्या हाताने लिहायचं." बाईला फोन केला. शुक्रवारी सकाळच्या बसने येते म्हणाली.

गुरुवारचं तुम्हाला सांगितलंच.

शुक्रवारी सकाळी सात वाजता बाई तिण्णैवर उभी. तिला कोणी कळवलं नव्हतं. बाहेरच्या चपला पाहिल्या, आतला दिवा पाहिला, आणि तिला कळलं. म्हणाली, "अण्णा, मी जाते. पुन्हा कधीतरी येईन."

"कशाला जाता? नाव कोण लिहिणार?"

मी पुस्तक काढलं. पान काढलं. पाटावर हत्यारं मांडली. तेव्हा आतून हिची धाकटी बहीण आली.

"भाऊजी! सुतक आहे. सुतकात सुई-दोरा धरत नाहीत."

"मी धरतो."

"काल अक्का गेली, आणि आज तुम्ही धंदा घेऊन बसलात?"

"तुझ्या अक्काने मला हे काम दिलंय. तिचा धंदा आहे. तिला जाऊन विचार."

ती रडायला लागली. मी बोललो ते वाईट बोललो, ठाऊक आहे. पण हात थांबवला नाही.

बाईला पेन दिलं. तिने पदराने हात पुसले. बापाचं नाव लिहिलं, आमच्याकडच्या रीतीने आधी त्याच्या बापाच्या नावाचं पहिलं अक्षर, मग त्याचं पूर्ण नाव, मग गाव. सावकाश, शाळेतल्यासारखं मोठं. मग पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं.

"अजून एक ओळ लिहू?"

"जागा आहे तेवढं लिहा."

तिने तमिळमध्ये लिहिलं, माझा बाप खरं बोलला.

संदर्भाच्या पानावर असलं वाक्य हिने चालवून घेतलं नसतं. म्हणाली असती, हा निष्कर्ष आहे, नोंद नव्हे. मी चालवून घेतलं.

पुस्तकाची पाठ मोकळी केली. जिथे ती यादी आहे, तिथली शिवण उसवली. पानाला कडेने कागदाची पट्टी जोडली, फर्म्यात, म्हणजे पानांच्या जुडग्यात, बसवलं, नवीन दोरा घेऊन शिवायला बसलो. पाच टाके घालायचे होते.

पोर दारात आला. अंगावर ओलं धोतर. "अप्पा, आठ वाजले. राख सावडायला जायचंय. सगळे थांबलेत."

"थांबू दे. राख कुठे पळत नाही."

"लोक काय म्हणतील?"

"या बाईच्या बापालाही लोक म्हणतच होते."

मी चौथा टाका घालत होतो. पाचव्याला दोरा अपुरा पडतोय असं वाटलं, पडला नाही. गाठ मारली. खळ लावून पाठ बसवली, पुस्तक दाबात घातलं आणि चाक पिळलं. घट्ट. मग पुन्हा एकदा.

बाईला म्हटलं, "संध्याकाळपर्यंत उघडायचं नाही. ओलं आहे, पान फाटेल."

"मी इथेच बसते, अण्णा."

"बसा. कोणी पाहायला आलं, तर बसवून ठेवा."

मग हात धुतले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि पोराला म्हटलं, चल.